आभाराच्या फ्लेक्सखालचा फळा

मी फळा. तळेखेडच्या चौकातला, सिमेंटचा, सहा फूट लांब आणि चार फूट उंच. आजवर लोकांनी माझ्यावर लिहिलं आणि मी ते निमूट दाखवलं. आज मीच बोलणार आहे, आणि मधेच कुणी फडकं घेऊन पुसायला आलेलं मला चालणार नाही. आधीच सांगून ठेवतो.

शाळेतल्या फळ्याशी माझी गल्लत करू नका. तो गुरुजींचा. त्याच्यावर पाढे असतात, आणि ते कधी बदलत नाहीत. माझं तसं नाही. माझ्यावर आज एक, तर उद्या दुसरंच.

वाचनालयाची खोली बांधताना थोडं सिमेंट उरलं होतं. गवंडी शिवप्पा कर्नाटकातून आलेला, हाताने चलाख आणि तोंडाने त्याहून. तो म्हणाला, "उरलेला माल फेकायचा कामून? गावाला एक तोंड काढून देतो." त्याने बाहेरच्या भिंतीवर मला घोटून घोटून गुळगुळीत केलं आणि खाली बसायला ओटा बांधला. मग नजीर पेंटरनी मला रंग दिला. हे नजीरचाचा तीन पिढ्यांपासून तळेखेडचे. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरची मागची फळी, लग्नाच्या घरच्या भिंती, सगळं त्यांच्याच हातचं. त्यांनी जुन्या सेलमधली काळी पूड, कोळसा आणि माक्याचा रस एकत्र खलून मला फासला. आठ दिवस त्यांचे हात काळे होते. चाची म्हणे त्यांना ताटाला हात लावू देत नव्हत्या. वर त्यांनी पिवळ्या अक्षरांत 'वार्ताफलक' लिहिलं आणि मी गावात रुजू झालो.

तेव्हापासून रोज सकाळी चाचा येणार, ओल्या फडक्याने माझं तोंड पुसणार आणि खिशातून खडू काढणार. 'उद्या लाइट दिवसभर नाही, दळण आजच उरका.' 'संगप्पा यांची तांबडी शेळी हरवली, डाव्या कानाला चीर आहे.' 'हमजाच्या दुकानापाशी चष्मा सापडला, नंबर सांगून न्यावा.' कुणी वारलं तर ती बातमी तीन दिवस पुसायची नाही, असा इथला रिवाज. त्या तीन दिवसांत कितीही मोठं काम निघो, ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहायचं. आमदार येणार असले तरी बारीक अक्षरांतच. मला हा रिवाज फार आवडतो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचाही मीच. केवळाबाई रोज डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन थांबायची. "काय लिवलंय रं आज?" ओट्यावरची टवाळ माणसं म्हणायची, "आजी, तुझं लगीन ठरलंय." ती म्हणायची, "मग नवरदेव कोन हाय ते बी वाच की मुडद्या!" हसून हसून लोकांची पोटं दुखायची. मग कुणीतरी खरं वाचून दाखवायचं, आणि भारा सरळ करून ती पुढे जायची.

पुढे मोबाइल आले, गावाचा ग्रुप निघाला. ग्रुपवर लिहिणार एकटे ग्यानोबाराव, बाकीच्यांनी फक्त बघायचं. हे ग्यानोबाराव कोण, ते सांगतो. तळेखेडच्या सरपंच आहेत सुकन्याबाई. शिक्का त्यांचा, सही त्यांची. कारभार मात्र त्यांचे मालक ग्यानोबाराव बघतात. गाव रामराम घालतं तेही त्यांनाच, 'सरपंच' म्हणून. सुकन्याबाई आतून चहा पाठवतात. माणूस वाईट नाही, कुणाच्याही मयताला आधी हजर. पण फोटोची हौस दांडगी. गावात दिव्याचा खांब उभा राहिला तरी खांबाच्या आधी यांचा फ्लेक्स उभा.

आता पुनमचं सांगतो, कारण माझी सगळी गोष्ट तिच्याभोवती आहे. पुनम म्हणजे केवळाबाईची नात, भागवतची लेक. दहावीला गावात पहिली आली. नजीरचाचांनी तिचं नाव माझ्यावर एवढं ठळक लिहिलं की त्या दिवशी दुसऱ्या बातमीला जागाच उरली नाही. तिला पुढे शिकायचं होतं. कॉलेज शिरूर अनंतपाळला, इथून चौदा किलोमीटर. भागवतने माझ्यासमोर, याच ओट्यावर बसून सांगितलं होतं, "सकाळची गाडी चालू झाली तर कॉलेज. काळीपिवळीत धा जनांच्या मांडीवर बसून माझी पोरगी जानार न्हाई. गाडी हाय तवर शाळा, गाडी बंद तर शाळा बंद." बापाची माया आणि बापाचा हट्ट, दोन्ही एकाच वाक्यात.

आणि काय सांगू, एसटीची गाडी मंजूर झाली! जुलैच्या एक तारखेपासून सकाळी साडेसहाला. गावातल्या सात मुलींनी अकरावीला नाव घातलं. त्यांतलीच एक सादिया, चाचांची नात आणि पुनमची जिवाची मैत्रीण.

गाडी यायच्या आदल्या दिवशीच फ्लेक्स आला. 'सकाळची बस सुरू केल्याबद्दल तळेखेडवासीयांकडून जाहीर आभार.' मधे आमदारसाहेबांचा मोठा फोटो, बाजूला हात जोडलेले ग्यानोबाराव, आणि खाली कोपऱ्यात तिकिटाएवढ्या सुकन्याबाई. बाजारात तुरी म्हणतात ना, तसलं. गाडी अजून डेपोत आणि आभार चौकात! बरं, आभार लावायचे कुठे? तर माझ्यावर. दोन्ही खांद्यांत खिळे ठोकले आणि वरून खालपर्यंत मला झाकून टाकलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

गाडी आली, हार पडले, नारळ फुटला. सहा दिवस गाडी चालली. सातव्या दिवशी पावसाने ओढ्यावरच्या नळकांडी पुलाची कड खचली आणि गाडी थांबली. गावाने चार दिवसांत मुरूम टाकून कड बुजवली, त्यावरून ट्रॅक्टर गेले, टेम्पो गेले. गाडी मात्र परत आली नाही. सगळ्यांना वाटलं, येईल उद्या. रोज सकाळी साडेसहाला सात मुली गणवेश घालून माझ्या ओट्यावर बसायच्या. मला दिसत काही नव्हतं. फक्त त्यांची कुजबूज ऐकू यायची, आणि सातच्या सुमारास घराकडे जाणाऱ्या चपला.

दहा-बारा दिवस असे गेले, तेव्हा चाचा आणि पुनम डेपोत जाऊन आले. आल्यावर पुनम माझ्याखाली बसून आजीला सांगत होती. डेपोतले साहेब भले माणूस निघाले. पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि फाइल उघडून दाखवली. म्हणाले, "पूल खचला म्हणून तात्पुरती बंद केली. दुरुस्त झाला हे कुणी कळवलंच नाही. दुसऱ्या गावाने रोज तगादा लावला, त्यांना गाडी दिली. तुमच्या गावचं आमच्याकडे एकच पत्र आहे, तेही आभाराचं. सोबत फ्लेक्सचा फोटो. आता ग्रामपंचायतीचं पत्र आणा, की पूल नीट आहे आणि प्रवासी आहेत. रोज किती प्रवासी थांबतात तेही लिहून आणा. मग बघतो."

"मग त्यात काय," आजी म्हणाली. "ग्यानोबाला सांग, दील की पत्र."

ग्यानोबारावांनी दिलं नाही! चौकातच, माझ्यापुढे उभं राहून म्हणाले, "आगं पोरी, साहेबांच्या फोटोसकट आभार मानलेत म्या. आता गाडी न्हाई म्हून पत्र दिवू? साहेब इच्यारतील, मग आभार कशाचे मानले रं? माझी काय इज्जत ऱ्हाईल? पुढल्या म्हैन्यात त्येच येनार हायेत गावात. जरा दमानं घे. यील गाडी."

"काका, फ्लेक्स काढा मग," पुनम म्हणाली.

"फ्लेक्स कामून काढायचा? गाडी मंजूर तर झाली ना?"

मला असा राग आला! सिमेंटचा नसतो तर कोसळलो असतो त्यांच्या पायांवर. एकदा आभार मानले की तक्रार करायची चोरी, हा कुठला न्याय? पण आमच्या भागात हे असंच चालतं. आधी हार, मग काम, आणि काम झालं नाही तर हाराची लाज राखायला सगळ्यांनी गप बसायचं.

भागवतने त्या संध्याकाळी लेकीला सांगितलं, "पंधरा आगष्टपस्तोर वाट बघू. तवर गाडी आली न्हाई तर नाव काढून आनतो. हजेरी न्हाई तर परीक्षेला तरी कोन बसू दील?" पुनमच्या चपला घराकडे वाजत गेल्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी पुनम चाचांना घेऊन माझ्यापाशी आली. "चाचा, खडू द्या."

चाचा कचरले. "बेटा, लोक काय म्हनतील मालूम हाय? फ्लेक्स आले अन् नजीरचा धंदा बसला, म्हून नजीर जळतो. मी हात लावला तर हेच बोलतील."

"तुमी लावू नका. मी लावते."

"फाडू नको मगर. फाडलं तर गुन्हा व्हतो. वर गुंडाळ, चटईसारखं."

आणि तिने गुंडाळला! सादियाने एका बाजूने धरला, पुनमने दुसऱ्या, आणि सुतळीने वर बांधून टाकला. कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडावर ऊन आलं. समोर सात मुली, हमजाच्या दुकानाचं अर्धं शटर, पाणी भरायला निघालेल्या बाया. सगळा चौक पोटभर बघून घेतला मी.

पुनमने लिहिलं: 'आज दि. २४ जुलै. साडेसहाची गाडी आली नाही. थांबलेले प्रवासी ७.' आणि खाली सात नावं. बस. कुणाला शिवी नाही, कुणाचा निषेध नाही. मी गावाचा फळा, जे घडलं ते सांगणं माझं काम.

दुपारी ग्यानोबारावांच्या माणसाने बातमी पुसली आणि फ्लेक्स खाली सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत वर गुंडाळलेला, आणि माझ्यावर तारीख बदलून तीच बातमी. परत पुसली. परत लिहिली. आठ दिवस हा खेळ चालला. आठवड्यानंतर चाचांना राहवलं नाही. पुनमच्या हातातला खडू घेत म्हणाले, "अक्षर काय ते तुझं! डेपोवाल्यांना वाचता तर आलं पाहिजे. जळतो तर जळतो, जाने दो." आणि त्यांनी आपल्या टपोऱ्या अक्षरांत ओळ लिहिली. ग्रुपवर लिहायला बंदी, पण माझा फोटो काढायला कुणाची बंदी? रोज दहा-वीस जण काढायचे.

मग ग्यानोबारावांनी शेवटचा डाव टाकला. रविवारी सगळं गाव शिरूरच्या बाजाराला गेलेलं असताना माझ्यावर चुना मारून घेतला. दोन हात, जाड. संध्याकाळी लोक परतले तर मी पांढराफटक. पांढऱ्यावर खडू उमटत नाही. एवढं डोकं गावासाठी लावलं असतं तर पुलाची कड खचलीच नसती!

पुनम माझ्यापुढे उभी राहून रडली. पहिल्यांदाच रडली ती. म्हणाली, "जाऊ दे आजी. झालं आता."

केवळाबाईने वैरणीचा भारा खाली टाकला. "काय झालं? पांढरंच केलंय न्हवं? घराच्या भिताडावर पोरं कोळशानं रेघोट्या मारत्यात, त्या पुसतात का गं? मी जलमभर घासल्या, निघाल्या न्हाईत." ती तडक घरी गेली आणि चुलीतले विझलेले कोळसे पदरात घेऊन आली. "ह्ये घे. लिव्ह."

चाचा टाळी वाजवून हसले. "या अल्ला, चाळीस साल पेंटर हूं, मला सुचलं न्हाई!"

चुन्यावरचा कोळसा काही केल्या पुसेना. फडकं मारलं की नुसता पसरायचा, अक्षर अजूनच जाड व्हायचं. आता रोजची ओळ आदल्या दिवसाच्या ओळीखाली येऊ लागली. मोबाइलमधल्या फोटोंवरून चाचांनी मागच्या तारखाही भरून काढल्या. माझ्यावर यादी वाढत गेली. मी काळा होतो तेव्हा एवढा कधी मिरवलो नव्हतो.

पंधरा ऑगस्ट उजाडला. झेंडा चौकातच असतो. सुकन्याबाई सरपंच म्हणून झेंडा फडकवायला आल्या. त्यांच्या मागेच मी, आणि माझ्यावर सकाळीच खाली सोडलेला फ्लेक्स. राष्ट्रगीत झालं, पोरांना गोळ्या वाटल्या, ग्यानोबाराव म्हणाले, "चला, चहा घ्या समदे." तेवढ्यात केवळाबाई काठी टेकत पुढे आली आणि काठीनेच फ्लेक्स वर उचलू लागली.

"आजी, काय करायलीस?" ग्यानोबाराव ओरडले.

"मला वाचता येत न्हाई," आजी म्हणाली. "पर रोज झाकायलाव म्हंजी खरंच लिवलेलं आसंल. सुकन्या, तू शिकलीस. तूच वाच."

पुनम आणि सादियाने फ्लेक्स गुंडाळून धरला.  सुकन्याबाईंनी आधी हळू, मग मोठ्याने वाचलं. एकेक तारीख, एकेक नाव. रविवार वगळून वीस सकाळी. वीस वेळा 'आली नाही.'

"चहा गार व्हायलाय," ग्यानोबाराव मधेच म्हणाले.

"व्हवू द्या," सुकन्याबाई म्हणाल्या. "पत्र लिवा गं कुनीतरी. सही मी करते."

"आवं, शिक्का कपाटात हाय, कुलूप..."

"चावी माझ्या कमरंला हाय."

असा हशा पिकला चौकात! सुकन्याबाई घरी गेल्या, शिक्का घेऊन आल्या आणि माझ्याच ओट्यावर कागद ठेवून शिक्का मारला. तो दणका मला भिंतीपर्यंत जाणवला. ग्यानोबाराव मान खाली घालून चहाच्या किटलीकडे बघत राहिले. मला त्यांची दया आली, थोडीशीच.

पण भागवत हसण्यात नव्हता. गर्दीत मागे उभा होता आणि तसाच निघून गेला. त्याने दिलेली मुदत त्या दिवशी संपत होती. पत्र झालं म्हणून गाडी थोडीच लगेच येते?

सोळा तारखेला सकाळी पुनम गणवेश घालून आली. तिच्या मागून भागवत.  वाटलं, हा आता हात धरून नेणार पोरीला. तो ओट्यावर बसला. साडेसहा झाले. पावणेसात झाले. सात झाले. रस्त्यावर म्हशी आल्या, दुधवाला गेला, गाडी आली नाही. पुनमने कोळसा उचलला आणि बापाकडे न बघता ओळ लिहिली. सात नावं लिहिली.

"माझं बी टाक," भागवत म्हणाला.

"आप्पा, तुमी कुठं जानार?"

"कुठं न्हाई. पर वाट बघायलो न्हवं मी बी? मग टाक की."

तिने लिहिलं. 'भागवत.' आणि कोळसा हातात धरून तशीच उभी राहिली. बापाने डोळे पुसले आणि खोकल्याचं नाटक केलं. मी सगळं बघितलं. फळ्यापासून काय लपतं?

दुसऱ्या दिवशी संगप्पा आला, मग हमजा, मग बाकीच्या मुलींच्या घरचे. 'थांबलेले प्रवासी' सातावरून एकतीसवर गेले. ज्यांना कुठेच जायचं नव्हतं असे चोवीस जण रोज साडेसहाला येऊन बसू लागले. केवळाबाईचं नाव चाचांनी तिच्या हाताला धरून तिच्याचकडून लिहवून घेतलं. भागवत आणि चाचा शिक्क्याचं पत्र आणि माझे फोटो घेऊन डेपोत गेले.

पंचवीस तारखेला गाडी आली.

लांबून हॉर्न ऐकू आला तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना. ग्यानोबारावांनी ऐकलं आणि घरातून हार घेऊन पळत आले. बिचारे धापा टाकत होते. "थांबा, थांबा! डायवरसाहेब, एक फोटू! पुनम, ये पोरी, तू मधी उभी ऱ्हा. मी फ्लेक्सवाल्याला आत्ताच..."

पुनमने एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवला होता. तो तिने खाली घेतला आणि माझ्याकडे पळत आली. घाईघाईत लिहिलं: 'आज दि. २५ ऑगस्ट. गाडी आली. आठ मिनिटं उशिरा.' मग वळून म्हणाली, "काका, फोटू नको. उद्या बी येऊ द्या. परवा बी येऊ द्या. आभाराचं मार्चमधी, परीक्षा झाल्यावर बघू." आणि काळे हात गणवेशाला पुसत गाडीत चढली. सगळा चौक टाळ्या वाजवत होता. भागवत गाडीच्या मागे पुलापर्यंत चालत गेला.

आता मी असा आहे, अर्धा पांढरा, अर्धा काळपट, खांद्यांत दोन भोकं. पंचायतीचा बेत आहे म्हणे, मला परत काळा करून वर छान पाटी लावायची. करा. फक्त एक सांगतो, आणि तळेखेडलाच नाही, तुम्हालाही. तुमच्या गावातही माझ्यासारखा एखादा असेल, कुठल्यातरी वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गुदमरलेला. जा आणि त्याला मोकळा करा. खडू नसेल तर चुलीत हात घाला. आज गावात खरोखर काय झालं, ती एक ओळ लिहा. कुणी पुसली तर उद्या परत लिहा.

माझ्यावर तर लिहिणारच. साडेसहा वाजलेत आणि मुली ओट्यावर बसल्यात. गाडी अजून दिसत नाही. पुनमने घड्याळ बघितलंय आणि कोळसा हातात घेतलाय.